लेडी मेहेरबाई टाटा : एका दुखण्यातून उभे राहिलेले रुग्णालय

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या भागात शोधूनही सापडणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथून पहाटेची लोकल पकडून, हातात तपासण्यांच्या कागदांची पिशवी घेऊन दादर किंवा परळला उतरणारी माणसे आपण नित्य पाहतो. त्यांपैकी काहींच्या पिशवीतील कागदांवर ल्युकेमिया, म्हणजेच रक्ताचा कर्करोग, हा शब्द लिहिलेला असतो. परंतु हे रुग्णालय ज्या दुखण्याच्या आठवणीतून उभे राहिले, ते दुखणेही नेमके हेच होते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्या स्त्रीच्या निधनामुळे हे घडून आले, त्या लेडी मेहेरबाई टाटा यांचा जीवनपट आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बालपण व शिक्षण

मेहेरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील होरमसजी भाभा हे इंग्लंडमध्ये शिकून आलेले शिक्षणतज्ज्ञ होते. म्हैसूर संस्थानाच्या शिक्षण खात्यात त्यांनी मोठ्या जबाबदारीची पदे सांभाळली. वडिलांच्या नोकरीमुळे १८८४ साली हे कुटुंब बंगळूरला गेले आणि तेथील बिशप कॉटन शाळेत मेहेरबाईंचे शिक्षण झाले. पुढे म्हैसूरला वडिलांच्या देखरेखीखाली त्यांनी इंग्रजी व लॅटिन या भाषांचा अभ्यास केला आणि पियानोवादनात उत्तम गती मिळविली. मुलीच्या जातीला चार अक्षरे आली म्हणजे पुरे, असे मानण्याचा तो काळ होता. अशा काळात वडिलांनी मुलीच्या शिक्षणाला मर्यादा घातली नाही. पुढील आयुष्यात मेहेरबाईंनी जे सार्वजनिक कार्य केले, त्याचा पाया या घरातच घातला गेला, असे आम्हांस वाटते.

उद्योगपती जमशेदजी टाटा यांचे म्हैसूर संस्थानात जाणे-येणे असे. भाभा कुटुंबाशी त्यांचा परिचय झाला. मेहेरबाईंचे शिक्षण आणि त्यांचा मोकळा स्वभाव त्यांना मनापासून आवडला. आपले थोरले चिरंजीव दोराबजी म्हैसूरला जाणार असे कळताच त्यांनी भाभांच्या घरी अवश्य जाण्यास त्यांना सुचविले. या भेटीचे पर्यवसान विवाहात झाले. १४ फेब्रुवारी १८९८ रोजी दोघे विवाहबद्ध झाले. मेहेरबाई तेव्हा १८ वर्षांच्या होत्या आणि दोराबजी ३८ वर्षांचे. वयात वीस वर्षांचे अंतर असूनही हा संसार परस्परांवरील निष्ठेने बहरला. या दांपत्याला मूल झाले नाही.

क्रीडांगणावर आणि समाजकार्यात

दोराबजी स्वतः क्रीडाप्रेमी होते. मेहेरबाईंनाही खेळांची तेवढीच आवड होती. टेनिसमध्ये त्यांनी साठाहून अधिक चषक जिंकले. विशेष म्हणजे त्या साडी नेसूनच मैदानात उतरत असत. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी टेनिसच्या मिश्र दुहेरीत मोहम्मद सलीम यांच्या जोडीने त्यांचे नाव भारतातर्फे नोंदविले गेले होते. घोडेस्वारी आणि मोटार चालविणे यांतही त्या वाकबगार होत्या.

१९१० साली दोराबजींना सर ही पदवी मिळाली आणि मेहेरबाई लेडी टाटा झाल्या. परंतु श्रीमंत घरच्या बाईने केवळ मेजवान्यांत मिरवावे, हा मार्ग त्यांनी पत्करला नाही. मुंबई इलाख्याच्या महिला परिषदेच्या संस्थापकांत त्या होत्या. भारतातील स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता व या संघटनेचा आंतरराष्ट्रीय महिला परिषदेशी संबंध त्यांच्याच प्रयत्नांतून जुळला. मुलींचे उच्च शिक्षण, पडदा पद्धतीचे उच्चाटन आणि अस्पृश्यतेचे निवारण या प्रश्नांवर त्या सातत्याने झटल्या. १९२७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी भारतातील विवाहविषयक सुधारणेची बाजू मांडली. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ साली संमत झाला, त्याच्या पाठीराख्यांतही त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रेडक्रॉसच्या कामात मोठा सहभाग घेतला आणि १९१९ साली त्यांना सी. बी. ई. हा सन्मान मिळाला.

हिऱ्याची गोष्ट

मेहेरबाईंचे नाव निघाले की ज्युबिली हिऱ्याचा उल्लेख होतोच. दक्षिण आफ्रिकेतील यागर्सफोंटेन येथील खाणीत १८९५ साली एक प्रचंड हिरा सापडला. पैलू पाडल्यावर त्याचे वजन २४५.३५ कॅरट भरले, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून अधिक. राणी व्हिक्टोरिया यांच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवावरून त्याला ज्युबिली हे नाव पडले. दोराबजींनी तो पत्नीसाठी विकत घेतला. मोजक्या समारंभांत मेहेरबाई तो गळ्यात घालीत असत.

१९२४ साली जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यावर मोठे संकट कोसळले. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव घसरले होते, कारखान्याच्या विस्तारात पैसा गुंतला होता आणि कामगारांचे पगार भागविण्यापुरतीही रक्कम हाताशी उरली नव्हती. तेव्हा सर दोराबजींनी आपली सगळी खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून सुमारे १ कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. त्या तारणात पत्नीचे दागिने होते आणि हा हिराही होता. कारखाना तगला आणि कर्ज फिटले. हजारो कामगारांच्या चुली पेटत्या राहिल्या, त्यात मेहेरबाईंच्या दागिन्यांचा वाटा होता, हे विसरून चालणार नाही.

अखेरचे दुखणे

पन्नाशी ओलांडताच मेहेरबाईंना ल्युकेमियाने ग्रासले. उपचारांसाठी त्या ब्रिटनमध्ये होत्या. १८ जून १९३१ रोजी उत्तर वेल्समधील रुथिन येथील एका शुश्रूषागृहात त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५१ वर्षांचे होते. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील ब्रुकवुड येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्या काळी या आजारावर वैद्यकशास्त्राच्या हाती काय होते, हे वाचकांनी जाणून घ्यावे. हाडांच्या पोकळीतील मऊ मगज, म्हणजे अस्थिमज्जा, हा रक्तपेशींचा कारखाना होय. ल्युकेमियात या कारखान्यात बिघडलेल्या पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते आणि निरोगी पेशींना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी घटल्यामुळे रोगी पांढराफटक पडतो व त्याला धाप लागते. चांगल्या पांढऱ्या पेशी घटल्यामुळे ताप व जंतुसंसर्ग पाठ सोडीत नाहीत. रक्त गोठविणाऱ्या रक्तबिंबिका, ज्यांना आपण सर्रास प्लेटलेट्स म्हणतो, त्या घटल्यामुळे हिरड्यांतून, नाकातून वा शरीराच्या आत रक्तस्राव होतो. जर्मन शास्त्रज्ञ फिर्शो यांनी १८४७ साली या रोगाला नाव दिले होते. परंतु त्यानंतर ८० वर्षे उलटूनही सोमलयुक्त औषध आणि क्ष-किरण यांपलीकडे फारसा इलाज नव्हता. त्याने काही काळ उतार पडे, रोग मात्र हटत नसे.

रक्त देण्याची सोयही तेव्हा बाल्यावस्थेत होती. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध १९०१ साली लावला होता आणि त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९३० साली, म्हणजे मेहेरबाईंच्या निधनाच्या आदल्या वर्षी. लंडनमध्ये पर्सी ऑलिव्हर यांनी स्वयंसेवी रक्तदात्यांची यादी १९२१ पासून चालविली होती. परंतु रक्त साठवून ठेवणाऱ्या पेढ्या तेव्हा नव्हत्या. भारतातील पहिली रक्तपेढी कलकत्त्यात निघाली ती १९४२ साली. रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या काढून रोग्याला देण्याची पद्धत तर त्याहूनही पुष्कळ नंतरची. जगातील एक अतिमूल्यवान हिरा ज्यांच्या तिजोरीत होता, त्या बाईंना वाचविणारे औषध त्या काळी कोणत्याही किमतीला मिळण्यासारखे नव्हते.

दुःखातून उभे राहिलेले कार्य

पत्नीच्या वियोगाने सर दोराबजी खचले. परंतु त्यांनी शोक करीत बसण्याऐवजी आपली संपत्ती लोकांच्या कामी लावण्याचे ठरविले. मार्च १९३२ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा न्यास स्थापून आपली जवळजवळ सर्व मालमत्ता, सुमारे १ कोटी रुपयांची, त्याला अर्पण केली. टायला लावण्याची मोत्याची पिनदेखील त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही. पुढील महिन्यात लेडी टाटा स्मारक न्यास अस्तित्वात आला. त्याच्या उत्पन्नाचे चार हिस्से जगभरातील ल्युकेमिया संशोधनासाठी आणि पाचवा हिस्सा मानवी दुःखनिवारणासाठी भारतात होणाऱ्या संशोधनासाठी अशी विभागणी त्यांनी ठरवून दिली. संशोधनाला देशाची सीमा नसावी, कोणत्याही देशातील शास्त्रज्ञाला त्यातून साहाय्य मिळावे, ही दृष्टी त्या काळात फार विशाल होती. हा न्यास आजही कार्यरत आहे.

पत्नीच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी दोराबजी युरोपला निघाले. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. पत्नीच्या पहिल्या स्मृतिदिनाला तेव्हा जेमतेम १५ दिवस उरले होते. ब्रुकवुडला पत्नीच्या शेजारीच त्यांना ठेवण्यात आले.

कर्करोगावर आधुनिक उपचार करणारी संस्था मुंबईत असावी, ही त्यांची इच्छा त्यांच्यामागे न्यासाने पुरी केली. नवरोजी सकलातवाला आणि त्यांच्यानंतर जे. आर. डी. टाटा यांनी हे काम तडीस नेले. ज्युबिली हिरा विकला गेला व त्याचे पैसे न्यासाकडे जमा झाले. गिरणगावाच्या मध्यभागी, परळला, सात मजली इमारत उभी राहिली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते ८० खाटांच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन झाले. १९५७ साली हे रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे सोपविण्यात आले. या अणुऊर्जा खात्याची धुरा तेव्हा डॉ. होमी भाभा यांच्याकडे होती. होमी हे मेहेरबाईंचे सख्खे भाचे, त्यांच्या भावाचे चिरंजीव. आत्याच्या आठवणीशी जोडलेले रुग्णालय अशा रीतीने भाच्याच्या छत्राखाली आले.

औषधांची वाटचाल आणि रक्ताची गरज

मेहेरबाईंच्या निधनानंतर १७ वर्षांनी, १९४८ साली, बॉस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना औषधाने तात्पुरता का होईना, पण स्पष्ट उतार पडतो हे दाखवून दिले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिचे प्रमुख आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही मुलांच्या ल्युकेमियावर वापरले जाते. त्यानंतर एकामागून एक औषधे आली. परळच्या रुग्णालयात १९८३ साली देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. रोग्याच्या स्वतःच्या पेशींना कर्करोगाशी लढण्यास सज्ज करणाऱ्या पहिल्या भारतीय उपचारपद्धतीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मुंबईची आय. आय. टी. आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून ती घडली. एके काळी ज्या रोगावर इलाज नव्हता, तो झालेली बरीच मुले आज पूर्ण बरी होऊन शाळेत जातात.

मात्र या उपचाराची एक अट आहे आणि ती पैशाने भागत नाही. रोगट पेशी नष्ट करणारी तीव्र औषधे अस्थिमज्जेचे कामही काही आठवडे थांबवितात. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. या रोग्यांत त्या १०,००० च्या खाली घसरतात. मग मेंदूत वा पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. अशा दिवसांत बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्स आणि तांबड्या पेशींवरच रोगी तग धरतो. औषध कारखान्यात तयार होते, रक्त मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. पैसे घेऊन रक्त देण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, आणि ते योग्यच झाले. म्हणून उरतो तो एकच मार्ग, माणसाने माणसाला स्वेच्छेने रक्त देण्याचा.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. तांबड्या पेशी योग्य तापमानात पाच ते सहा आठवडे टिकतात, परंतु प्लेटलेट्सचे आयुष्य केवळ ५ दिवसांचे असते. वर्षातून एकदा भव्य शिबिर भरवून शेकडो पिशव्या गोळा केल्या, तरी त्यातील प्लेटलेट्स पुढील आठवड्यातील रोग्याच्या उपयोगी पडत नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत गावे रिकामी होतात, तेव्हा रक्तपेढ्यांतील साठा रोडावतो. रोग मात्र सुट्टी घेत नाही. म्हणून अधूनमधून वर्षभर येणारे दाते हवे असतात.

१८ ते ६५ वर्षे वयाची, ४५ किलोहून कमी वजन नसलेली आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. केवळ प्लेटलेट्स देण्याची पद्धत याहून वेगळी आहे. दात्याचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील प्लेटलेट्स तेवढ्या काढून घेतात आणि उरलेले रक्त त्याला परत देतात. यास एक ते दीड तास लागतो. एका दात्याकडून मिळणाऱ्या अशा प्लेटलेट्स साध्या रक्तदानातील चार-सहा पिशव्यांच्या तोडीच्या असतात. दात्याच्या शरीरात त्या काही दिवसांतच भरून येतात, त्यामुळे असे दान ठराविक अंतराने वर्षातून अनेकदा करता येते. दाता म्हणून आपली योग्यता आहे की नाही, हे अर्थातच रक्तपेढीतील डॉक्टर तपासून ठरवितात.

पुष्कळांची समजूत असते की घरच्या माणसांनीच रोग्याला रक्त द्यावे. ही समजूत सर्वस्वी बरोबर नाही. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असेल, तर सख्ख्या भावंडांचे वा जवळच्या नातलगांचे रक्त देणे डॉक्टर टाळतात, कारण त्यामुळे नंतर त्यांची अस्थिमज्जा रोग्याचे शरीर नाकारण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्यांची माया सर्वांत अधिक, त्यांनाच कित्येकदा थांबावे लागते आणि रोग्याला परक्यांवर विसंबावे लागते. काही रक्तगटांची अडचण तर याहूनही मोठी. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मा. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला बॉम्बे रक्तगट ज्याचा आहे, त्याला त्याच गटाच्या माणसाचे रक्त चालते. साध्या तपासणीत हा गट ओ असल्यासारखा दिसतो, परंतु ओ गटाचे रक्त त्याला दिल्यास जिवावर बेतू शकते.

आपण काय करावे?

उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूरहून परळ हे सुमारे ५० ते ६० किलोमीटरांचे अंतर आहे. रोग्याच्या पित्याला आधी रजेचा अर्ज करावा लागतो, मग लोकलच्या गर्दीत लेकराला सांभाळावे लागते आणि वर रक्तदाते जमवा असा निरोप आला की तो हवालदिल होतो. विदर्भ-मराठवाड्यातून वा परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची स्थिती अधिक बिकट असते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या अशा माणसांना मुंबईत ओळखीचे कोणीच नसते. ती रक्त मागणार तरी कोणाकडे?

आमची आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळांना आणि भगिनी मंडळांना विनंती आहे की, प्रत्येकाने आपापल्या सदस्यांच्या रक्तगटांची नोंदवही ठेवावी. शिबिरे एकाच दिवशी न भरवता वर्षभरात वाटून घ्यावीत. परळ परिसरात नोकरीस जाणाऱ्यांनी प्लेटलेट्स देण्यासाठी रुग्णालयाच्या रक्तपेढीकडे नाव नोंदवून ठेवावे. हे काम मोठ्या खर्चाचे नाही. त्यास थोडी शिस्त आणि थोडा वेळ मात्र लागतो.

मेहेरबाईंचा हिरा विकला गेला आणि त्यातून मिळालेल्या पैशाने रुग्णालय उभे राहिले. आज त्या रुग्णालयात दाखल झालेल्या गरिबातल्या गरीब मुलाला जे औषध मिळते, ते १९३१ साली लेडी टाटांनाही मिळू शकले नव्हते. इमारत झाली, डॉक्टर आले, औषधे आली. हे सारे आपल्याआधीच्या लोकांनी करून ठेवले आहे. रक्त तेवढे प्रत्येक पिढीने आपले आपणच द्यावयाचे असते. आपल्या भागातील एखादे मूल उद्या परळच्या खाटेवर झोपून प्लेटलेट्सची पिशवी येण्याची वाट पाहील, तेव्हा ती पिशवी वेळेवर यावी, एवढी काळजी आपण निश्चितच घेऊ शकतो.